चार मजल्यांचा पाया

२२ सप्टेंबर

मिळालं एकदाचं! ऑफिस उघडल्यापासूनचं पहिलं खरं घर. आत्तापर्यंत आले ते सगळे फुकटे. कुणाला गच्चीवर खोली काढायची म्हणून 'नुसता सल्ला' हवा, कुणाला शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल कुरकुर करायची असते. आज मात्र अबू नायफ, म्हणजे नायफचे वडील, आले. अख्ख्या अजलून गावात त्यांना कोण ओळखत नाही? उभा जन्म अकाबाच्या रस्त्यावर ट्रक हाकला, आवाज अजून हॉर्नसारखाच. ट्रक विकलाय, निवृत्तीचे पैसे हातात आलेत, आता घर बांधायचंय. जागा त्यांच्या ऑलिव्हच्या बागेकडेला, उतारावर.

"चार मजले," म्हणाले. "खाली मोठा दिवाणखाना, पन्नास पाहुणे मांडी घालून बसतील असा. त्यावर आम्ही दोघं, त्यावर थोरला पोरगा नायफ, त्यावर धाकटा हैसम. आणि दगड चारी बाजूंना हवा, इंजिनियरबाई. पुढे दगड आणि मागे नुसतं सिमेंट, असला भिकारडा मामला नको."

मी विचारलं, "काका, खर्चाचा अंदाज काय धरू?"

"देवाचं देणं भरपूर आहे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

झालं. आता ह्यावर पुन्हा कोण विचारणार? मोठ्या माणसाच्या खिशात दोनदा हात घालायचा नसतो. वर मीच म्हणाले, "तुम्ही फक्त हुकूम करा, काका." ते खुशीत गेले, मीही खुशीत.

लगेच रामिझला रियाधला फोन लावला. पाटीवर दोघांची नावं आहेत, पहिलं काम आल्याचं त्याला कळायला नको? मीटिंगमध्ये होता, नंतर करतो म्हणाला. त्याच्या टेबलावर धूळ बसली होती, ती पुसून घेतली.

२९ सप्टेंबर

जागा पाहिली. उतार मला वाटला त्यापेक्षा जास्त आहे. वरच्या अंगाला माती, खाली काळा खडक. मातीचा लोट अडवायला जाड भिंत लागणार. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "बांधा की!" भिंत म्हणजे पोळीला तूप लावणं आहे जणू.

नंतर जेवायला घरी घेऊन गेले. हे राहतात त्यांच्या भावाकडे, अबू शाकिरकडे, वरच्या दोन खोल्यांत. वर्षानुवर्षं तसेच राहताहेत. स्वयंपाकघर खाली, जावेबरोबर एकच. त्यामुळे उम्म नायफ, नायफच्या आई, म्हणजे आमच्या काकू, भरलेलं ताट घेऊन जिना चढतात. मी वर चढत होते तेव्हा त्या मध्येच पायरीवर बसल्या होत्या, ताट मांडीवर. मला म्हणाल्या, "तू हो पुढे, मी वारा खातेय." बंद जिन्यात कसला वारा, कोण जाणे.

उन्हाळ्यात अबू शाकिरच्या मुलाचं लग्न आहे आणि ह्या दोन खोल्या त्याला लागणार आहेत. म्हणजे त्याआधी ह्यांच्या डोक्यावर छप्पर हवं. घाई आहे तर.

काकूंनी मला एवढंच विचारलं, "चूल कुठे येणार?" दिवाणखान्याच्या वरच्या मजल्यावर म्हटलं. "आणि जिना?" मी म्हटलं, जिना तर सुरेख होणार आहे, वळणाचा, दगडी. त्या हसल्या. बहुतेक आवडला असावा.

४ ऑक्टोबर

आराखडे काढतेय. हात थांबत नाही. कमानीचा दर्शनी भाग, प्रत्येक मुलाच्या मजल्याला डोंगराकडे सज्जा. हे उभं राहिलं की जेराशपर्यंत नाव होईल.

आईने कागद उलटसुलट करून पाहिले. "राहणार किती माणसं?"

"सध्या दोघं."

"मग हे हॉटेल कुणाचं?"

आईला काही समजत नाही.

११ ऑक्टोबर

कपाळ माझं! आज ठेकेदार आला होता. त्याला ना लाज ना भीड. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि तोंडावर विचारलं, "काका, हातात किती आहेत?" मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. काका लाल झाले, खिडकीकडे पाहिलं, आणि असा बारीक आवाज काढला की हा ट्रकवाला नव्हेच. "साठ हजार."

साठ हजार दिनारांत व्यवस्थित, नीटनेटकं, एक मजली घर होतं. पण चार मजल्यांचं ओझं पेलेल असा पाया, त्यात उतार, त्यात ती भिंत. ठेकेदाराने बोटांवर हिशोब केला आणि मी कॅल्क्युलेटरवर. दोघांचं उत्तर एकच आलं. पाया, भिंत आणि तळमजल्याचे खांब, एवढ्यात पैसे संपतात. छप्पर नाही. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच.

ताकाला जाऊन भांडं लपवलं त्यांनी, हे खरं. पण भांडं दाखवा असं मी तरी कुठे म्हटलं? घरात किती खोल्या, दगड कुठला, सज्जा कुठे, सगळं विचारून झालं. पहिलं विचारायचं तेच राहिलं, कारण विचारणं चांगलं दिसत नाही!

काका मात्र सावरले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना? माझ्या पोरांचे पाय लांब आहेत, इंजिनियरबाई. तुम्ही अंथरूणच मोठं घ्या. वरचे पैसे पोरं देतील. नायफ दोहामध्ये केवढ्या हुद्द्यावर आहे!"

१४ ऑक्टोबर

काकांनीच नंबर दिला म्हणून नायफला फोन केला. फार गोड बोलतो. बाबांच्या तब्येतीची चौकशी, माझी चौकशी, आईच्या गुडघ्यांची चौकशी. घराचा विषय काढला तर म्हणाला, "देवाची इच्छा असेल तर, इंजिनियरबाई, का नाही?" साधारण कधीपर्यंत जमेल विचारलं. "देवाची इच्छा असेल तर लवकरच." धाकटा हैसम जर्मनीत आहे, त्याचाही वाटा धरू का? "देवाची इच्छा!"

मागे एक बाई त्याला हाक मारत होती, फरशीचा नमुना बघायला ये म्हणून. कुठली फरशी ते विचारावंसं वाटलं, पण आपला काय संबंध.

वहीत लिहिलं: मुलांचा वाटा, होकार. आता पुढे जायला हरकत नाही.

जीव मात्र थाऱ्यावर नाही. सकाळपासून तीनदा कॉफी केली आणि तिन्ही वेळा अर्धी टाकली. ऑफिसच्या मालकाने आज पुन्हा सांगितलं, दोन खोल्यांचं भाडं झेपत नसेल तर रस्त्याकडची एक छोटी खोली रिकामी आहे. म्हटलं, माझे भागीदार यायचे आहेत, त्यांना बसायला नको? तो म्हणाला, "दोन वर्षं झाली हो, बाई." उद्धट मेला.

३० ऑक्टोबर

ऑलिव्हची तोडणी. गावात कुणी कामाचं बोलत नाही, सगळे झाडांवर. खोदाईचं मशीन तोडणी संपली की येणार. काका रोज फोन करतात, "सळ्या जाड घ्या हं, इंजिनियरबाई." नायफला दोनदा निरोप पाठवला, वाचल्याच्या खुणा आहेत, उत्तर नाही. कामात असेल.

६ नोव्हेंबर

उम्म नायफ आल्या. एकट्या, शेअरटॅक्सीने, नव्या तेलाची बाटली घेऊन. खुर्चीत बसल्या, पाय लांब केले, श्वास जागेवर आल्यावर आजूबाजूला पाहिलं.

"हे दुसरं टेबल कुणाचं?"

"रामिझचं. माझा होणारा नवरा. रियाधला गेलाय सहा महिन्यांसाठी, भांडवल उभं करायला. येईल आता."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "येईल गं, देवाची इच्छा," म्हणाल्या. किती मायाळू बाई!

मग कामाचं बोलल्या. नायफने अम्मानमध्ये फ्लॅट घेतलाय. त्याची बायको अजलूनला सणापुरतीही दोन रात्री काढत नाही. हैसम तिकडेच लग्न करतोय, तिकडचीच आहे मुलगी, चांगली आहे, फोनवर हसते. दोघांनी आईला सांगितलंय. बापाला सांगायची हिंमत कुणाला नाही.

"मग तुम्ही सांगा ना, काकू!"

"सांगितलं. तीनदा सांगितलं. म्हणाले, तुला पोरांवर विश्वास नाही." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "त्यांना वाटतं मजला बांधला की पोरगा येतो. चिमणीला खोपा टांगतात तसं. मला नको गं सज्जा. मला सपाटीवर राहायचंय. एक चूल, माझी एकटीची. मिठाचा डबा जिथे ठेवेन तिथेच तो दुसऱ्या दिवशी सापडला पाहिजे."

हे म्हणताना त्यांनी ओढणीने डोळे टिपले. मिठाच्या डब्यावरून कुणाला रडू येतं का? मला पण आलं. कमानी काय, सज्जे काय! ह्या बाईला उन्हाळ्यात छप्पर नसणार आणि मी दगडी जिन्याची वळणं काढत बसले होते.

म्हटलं, "मी बोलते काकांशी."

"तुझं नाही ऐकणार. माझंही नाही. बायकोचं कोण ऐकतं? पाहुण्याचं ऐकतात." आणि मग दाराकडे बघत म्हणाल्या, "मी पाहुणी म्हणून गेले तर?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

८ नोव्हेंबर

तरी मी बोलून पाहिलंच. हात दाखवून अवलक्षण! खोदाई थांबवा म्हटलं, एकाच मजल्याचा पाया घालू, छप्पर होईल, उन्हाळ्याच्या आत राहायला जाल.

"आणि वर सळ्या?"

"सळ्या नाहीत. एक मजला म्हणजे एकच मजला."

उठून उभे राहिले. "गावात एक गच्ची दाखवा जिच्यावर सळ्या उभ्या नाहीत! माझ्या भावाच्या गच्चीवर आहेत. लोहाराच्या गच्चीवर आहेत. सळ्या म्हणजे काय ठाऊक आहे तुम्हाला? सळ्या म्हणजे ह्या घरात पोरगे आहेत, पुढचा मजला यायचाय. बिनसळ्यांची गच्ची म्हणजे हा म्हातारा निपुत्रिक आहे, खेळ खलास. लोकांनी असं म्हणायचं माझ्याबद्दल?"

"पण काका, नायफ..."

"नायफ म्हणाला ना देवाची इच्छा? तुम्हीच सांगितलंत मला, होकार आहे म्हणून!"

मीच सांगितलं होतं. "तुम्हाला जमत नसेल तर इर्बिदमध्ये पैशाला पासरी इंजिनियर पडलेत," म्हणाले आणि गेले. खोदाई पुढल्या शनिवारी आहे. माझ्या हातून काम गेलं तर गेलं, पण तो पाया खणला की काकूंचं छप्पर गेलं, ते परत येत नाही.

रामिझला सगळं सांगायला फोन केला. उचलला नाही. अंगठ्याचं चित्र पाठवलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्ताच लिहिलं पाहिजे.

नमाजानंतर निघालो, काकूंच्याच घरी, पाहुण्या म्हणून. काकू, मी आणि माझी आई. एखाद्याच्या घरी रीतसर मागणं घेऊन जायचं तर कुणी जाणतं माणूस पुढे लागतं, आणि आईला एवढंच निमित्त हवं होतं. काकू आदल्या रात्री बहिणीकडे राहिल्या होत्या. लग्नातला भरतकामाचा झगा घातला होता त्यांनी, कंबरेला घट्ट होत होता. स्वतःच्या घराच्या दारावर त्यांनी थाप मारली आणि थांबल्या.

अबू शाकिरने दार उघडलं आणि खो खो हसला. "वहिनी, किल्ली हरवली का?"

आईने त्याला असं पाहिलं की हसू घशात गेलं. "वरच्या मजल्यावर पाहुणे आलेत म्हणून सांगा. सुब्हियाबाई आल्यात, दाऊदकाकांची लेक." काकूंचं नाव सुब्हिया आहे हे मला आजच कळलं. सगळ्यांनी नायफची आई म्हणून ते बुजवून टाकलंय.

पाहुणा आला की यजमानाने जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं. काका उभे राहिले, करतात काय! आम्ही चढू लागलो. काकू पुढे. एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग भिंतीला हात. मध्ये थांबल्या. पुन्हा चढल्या. पुन्हा थांबल्या. मी मागून आधार द्यायला गेले तर हात झटकला. फार वेळ लागला. वर काका नुसते बघत उभे. 

बसलो. मग अडचण अशी झाली की कॉफी कोण आणणार? करणारी तर पाहुणी होऊन गादीवर बसलेली! काका खाली स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा खडखडाट झाला. "वेलदोडे कुठे आहेत?" खालून आवाज आला. पाहुणीने काय म्हणून सांगावं? आईने ओढणीत तोंड लपवलं.

शेवटी आणली. हात भाजून घेतला होता. आधी आईला दिली, मग मला, मग काकूंना. काकूंनी कप घेतला आणि समोर ठेवून दिला. आम्ही दोघींनीही ठेवला.

काकांचा चेहरा उतरला. लहानपणापासून शेकडो मागण्यांना बसलेला माणूस तो, त्याला काय सांगायचं? काम झाल्याचं यजमान म्हणेपर्यंत पाहुणा ओठ लावत नाही, आणि पाहुणा तसाच उठून गेला तर त्या घराचं नाक कापलं जातं.

"हे काय गं, नायफच्या आई?"

"नायफची आई घरी नाही," आई म्हणाली. "आम्ही सुब्हियाबाईंच्या वतीने मागणं घेऊन आलोय. त्याच सांगतील."

काकूंनी मान वर केली. "मला छप्पर हवंय. सपाटीवर. एक चूल, माझी. आणि उन्हाळ्याच्या आत."

"आणि पोरं? पोरं आली की कुठे राहतील?"

"पोरं आता पाहुणी आहेत हो," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांना एक खोली पुरते."

काका उठले आणि खोलीबाहेरच्या गच्चीवर गेले. अबू शाकिरच्या गच्चीवरच्या त्या गंजलेल्या सळ्या, त्यातली एक धरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. कपांतली वाफ केव्हाच विरली. आई पुटपुटली, "चला, उठूया का?" काकू म्हणाल्या, "बस."

काका परत आले. डोळे वाऱ्याने लाल झाले होते. काकूंसमोर उकिडवे बसले. "पी. गार झाली."

"गार कॉफी मी पीत नाही," काकू म्हणाल्या. "दुसरी ओता. आणि रीतीने बोला."

तेव्हा त्यांनी दुसरी ओतली. थोडी बशीत सांडली. आणि म्हणाले, "कॉफी घ्या, सुब्हियाबाई. तुमचं काम झालं."

काकूंनी एका घोटात संपवली. मग म्हणाल्या, "वेलदोडे फार झालेत."

१६ नोव्हेंबर

काका सकाळीच ऑफिसात हजर; कालची खोदाई त्यांनीच रद्द केली होती. मी माझा आराखडा गुंडाळून ठेवला, कोरा कागद घेतला. ह्या वेळी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. लाज गुंडाळून आधी पैसे वर लिहिले. त्यातून अडीअडचणीसाठी थोडे बाजूला काढले, ते कागदावरच ठेवायचे, हात लावायचा नाही. मग विचारलं, "राहायला जाल त्या दिवशी काय नसलं तर चालणारच नाही?"

"दिवाणखाना!"

"पन्नास माणसांचा?"

"चाळीस."

मासळीबाजार भरला. शेवटी बारा माणसांवर आले. जास्त आले तर बाहेर ऑलिव्हखाली सतरंज्या. दगड फक्त पुढे, हे ऐकून चेहरा असा झाला जणू मी त्यांची मिशी मागितली. घर मी वरच्या अंगाला, मातीच्या सपाट पट्ट्यावर सरकवलं, म्हणजे ती जाड भिंत निम्मी झाली. पायरी एकही नाही.

"इंजिनियरबाई, चार कोपऱ्यांत चार सळ्या तरी? नुसत्या शोभेच्या? खाली पाया नसला तरी चालेल, लोकांना काय कळतंय?"

"नाही, काका. उद्या कुणीतरी त्या सळ्या बघून खरंच वर मजला चढवेल, आणि तो तुमच्या नातवाच्या डोक्यावर येईल."

नातवाचं ऐकून त्यांनी हट्ट सोडला. मग माझ्या पलीकडे बघत विचारलं, "ह्या टेबलावर कोण बसतं?"

सांगितलं. त्यांनी फक्त हं केलं. सगळे त्या टेबलाचंच काय विचारतात, कळत नाही.

१८ एप्रिल

आज छप्पर ओतलं. हिवाळा, बर्फ, ठेकेदाराची नाटकं, सगळ्यातून निभावलं आणि बाजूला काढलेले पैसे अजून जागेवर आहेत! काकांनी बकरा कापला, ऑलिव्हखाली सतरंज्या घातल्या, भाताचे थाळे, त्यावर दह्याचा रस्सा. अख्खं गाव आलं. नायफने फोनवरून अभिनंदन केलं, ईदला नक्की येतो म्हणाला. काका म्हणाले, "ये की. तुझी खोली तयार आहे, पाहुण्यांची."

मग अबू शाकिर शिडीवर चढून गच्ची बघून आला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "काय रे, सळ्या कुठायत? विसरलात की काय?"

काका भाताचा गोळा वळत होते. तो त्यांनी नीट वळला, तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाले, "विसरलो नाही. घर पूर्ण झालंय."

आणि पुढचा गोळा वळायला घेतला. काकू दारात बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. नंतर मला आत नेऊन चूल येणार ती जागा दाखवली. तिथे अजून ओल्या सिमेंटचा वास होता, आणि खिडकीत मिठाचा डबा आणून ठेवलेला होता.

परत ऑफिसात आले. खूप आनंद व्हायला हवा होता, आणि झालाच आहे, पण बसवेना. रामिझला छपराचा फोटो पाठवला. उत्तर: देवाच्या इच्छेने भेटू लवकरच. दहा वेळा वाचलं. चांगलंच लिहिलंय, त्यात वाईट काय आहे? पण बसवेना ते बसवेनाच. मग टेप घेऊन खाली उतरले आणि मालकाला ती रस्त्याकडची छोटी खोली उघडायला सांगितली. उगाच, नुसती बघायला.

खोली बरी आहे. उजेड छान येतो. टेप लावून पाहिली, उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी. एक टेबल बसतं.